रंगभवन ते गिरणीचं आवार: मुंबईतल्या रॉकची पार्श्वभूमी

मुंबईत मैदानावरचा रॉकचा कार्यक्रम दुपारीच का सुरू होतो आणि स्थानिक बँडला वीस-पंचवीस मिनिटंच का मिळतात, याचं बरंचसं उत्तर धोबी तलावला सापडतं.

तिथलं रंगभवन म्हणजे उघडं नाट्यगृह. शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा रुग्णालय. 1978 ची पहिली ‘जॅझ यात्रा’, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, इथे झाली. मार्च 1980 मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश रॉक बँड इथे वाजवून गेला. 1986 मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव इथेच नावारूपाला आला, तोही ऑगस्टमध्ये, ऐन पावसात. शहराच्या रॉकचं खरं घर हेच, आणि ते गेल्याची भरपाई अजून झालेली नाही.

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र ठरलं. तिथे मर्यादा दिवसा 50 डेसिबल, रात्री 40. आता गणित पाहा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. एका मीटरवर 110 डेसिबल देणारा स्पीकर 100 मीटरवरही 70 च्या आसपास ऐकू येतो. म्हणजे रंगभवनात नियम पाळून रॉक वाजवणं शक्यच नव्हतं. पुढच्या काही वर्षांत तिथले कार्यक्रम थांबले.

त्याच नियमांत रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, म्हणून मैदानावरचा कार्यक्रम दुपारीच सुरू होतो आणि स्थानिक बँडच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. बंदिस्त सभागृहाला मात्र सूट. म्हणून रॉक छताखाली गेला. 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीत क्लब उघडलं. ते 2016 मध्ये बंद झालं, पण गिरणगावातल्या क्लबांत बँड ऐकायची सवय लावून गेलं.

छोट्या खोलीची अडचण वेगळी. ड्रम माइकशिवायही जवळून 100 डेसिबल ओलांडतात. त्यावर गिटारवाले अ‍ॅम्पचा (गिटारच्या स्पीकरचा) आवाज चढवतात, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून मॉनिटर (गायकाकडे वळवलेला स्पीकर) वाढवला जातो, तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. उपाय साधा आहे: अ‍ॅम्पचा आवाज कमी करायचा आणि अ‍ॅम्प तिरका करून वादकाच्या कानाकडे वळवायचा. गुडघ्याशी ठेवलेला अ‍ॅम्प वादकाला कमी आणि पहिल्या रांगेला जास्त ऐकू येतो.

साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, उलट्या क्रमाने होतो: शेवटी वाजवणारा बँड आधी, पहिला वाजवणारा शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच मंचावर राहते. उशीर झाला की वेळ कापली जाते ती याच पहिल्या, बहुधा स्थानिक बँडची. त्याचं पहिलं गाणं गढूळ वाटलं तर बाहेर पडू नका. साउंडवाला तेव्हा चालू गाण्यातच पातळ्या लावत असतो. त्याच्या मिक्सरच्या, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्राच्या, जवळ उभे राहा, तो जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येईल.