पार्श्वभूमी : कोकणातील वाडी आणि तिचा ग्रामपंचायत सदस्य

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गाव सहसा एका ठिकाणी वसलेले नसते. खाडीकाठ, डोंगरउतार आणि सडा (जांभ्याचे उघडे पठार) यांवर विखुरलेल्या वाड्यांचे मिळून ते होते. निवडणुकीसाठी प्रभाग आखले जात असले, तरी निवडून आलेल्या सदस्याकडे लोक आपल्या वाडीचा माणूस म्हणूनच पाहतात आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट), साकव (ओढ्यावरचा लहान पूल), विहीर, रस्त्यावरचा दिवा या मागण्याही वाडीच्याच नावाने पुढे येतात.

ग्रामपंचायती रुजण्यापूर्वी येथील बऱ्याच गावांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत होता. सारा वसूल करणे हे त्याचे मूळ काम, परंतु प्रत्यक्षात गावच्या व्यवहारात त्याचा शब्द त्याहून बराच दूरवर चाले. देवस्थानचे मानपान आणि आपसांतील तंटे गावकर-मानकऱ्यांच्या बैठकीत निघत. कुळांच्या आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांच्या गाऱ्हाण्यांना यांपैकी कोठेही हक्काची जागा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला.

पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने रस्ते, पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छता ही कामे पंचायतीकडे सोपवली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. पाण्याच्या खेपा करणाऱ्या बायकांपैकीच कोणी सभेत बसू लागली, ही माझ्या मते कागदावर दिसते त्याहून मोठी घटना होय.

खोती गेली, तरी जमिनीचा गुंता राहिला. वाडीपर्यंत रस्ता न्यायचा म्हटला की तो ज्या जागेतून जाणार तिचा सातबारा सामाईक निघतो. त्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावे असतात, वारस मुंबई, ठाणे, सुरत येथे पांगलेले असतात आणि त्यांच्यात वाटणी झालेली नसते. जागामालकांचे संमतीपत्र मिळाल्याशिवाय आणि ग्रामपंचायतीच्या २३ नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद असल्याशिवाय काम सहसा पुढे सरकत नाही. त्यामुळे सदस्याचा खरा हंगाम गणपती आणि शिमगा हाच असतो, कारण तेव्हा चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी शहरात राहणारे गावकरी, गावी आलेले असतात आणि आरती आटोपल्यावर ओटीवर बसून सह्या घेता येतात. एका भावकीने हात आखडता घेतला, की मंजूर निधीही परत जाऊ शकतो.

निधीची अडचण पूर्वी अधिक होती. शाळेची दुरुस्ती, विहिरीचा कठडा, सभामंडप असली कामे वाडीच्या चाकरमान्यांची मुंबईतील मंडळे वर्गणी काढून पुरी करत, आणि म्हणून वाडीच्या निर्णयांत मंडळाच्या कार्यकारिणीचे वजन आजही सदस्यापेक्षा कमी नसते. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ पासून, केंद्राचे अनुदान थेट ग्रामपंचायतींसाठी येऊ लागले, तेव्हा ग्रामसभेत आराखड्यावर वाडीवाडीची रस्सीखेच वाढली.

पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकर लागतो. जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, उताराने ते खाडीला मिळते. दिवाळीनंतर व्हाळांवर (ओढ्यांवर) श्रमदानाने बंधारे घालायला माणसे जमवणे हे कामही, कायद्यात तसे लिहिलेले नसताना, सदस्याकडेच येते.

सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. पूर्वी सदस्याच्या मतावर सरपंच ठरत असे, त्यामुळे लहान वाडीलाही आपले काम पदरात पाडून घेता येई. थेट निवडणुकीत मोठ्या वाड्यांची मते निर्णायक ठरतात आणि लहान वाडीच्या सदस्याला साकवासाठी ग्रामसभेतच जोर लावावा लागतो.