कोल्हापुरात तलावावर गळ टाकायचाय? परवानगी कुणाची घ्यायची आणि अर्ज कुठं अडतो

रविवारी सकाळी काठी घेऊन जवळच्या तलावावर बसायचं, त्याला कसला आलाय कागद, असं बहुतेकांना वाटतं. कागद लागतो. ज्यांना हे माहीत असतं, ते सगळ्या जिल्ह्यात चालणारा एकच परवाना मिळेल या समजुतीनं अर्ज करतात आणि तिथंच पहिला नकार येतो. मासेमारीचा हक्क तलावागणिक वेगळ्या हातात असतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी दोन गोष्टी शोधा: तलाव कुणाच्या ताब्यात आहे, आणि मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे.

रंकाळ्यासाठी महापालिकेत विचारायचं. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव, तिथंही सुरुवात महापालिकेपासूनच करा. तुळशी, कुंभी, कासारी ही धरणं जलसंपदा विभागाची. गावच्या पाझर तलावाची माहिती ग्रामपंचायतीत मिळते, नाही मिळाली तर जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागात. ठेक्याबद्दल सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात चौकशी करावी. राधानगरी-दाजीपूरकडं जाणाऱ्यांनी मात्र अभयारण्याची हद्द आधी बघून घ्या. आत मासेमारीला मुभा नाही, तिथं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि तलावाचं संमतीपत्र दाखवून सुटका होत नाही.

आता जो कागद कुणाकडेच नसतो त्याबद्दल. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा सगळे घेऊन जातात. नसतं ते ठेकेदार संस्थेचं संमतीपत्र. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला असेल तर त्यातले मासे धरायचा हक्क त्या संस्थेचा. तुमच्या गळाला लागलेला कटला किंवा रोहू बऱ्याचदा संस्थेनं बीज विकत आणून सोडलेला असतो. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यामुळे त्यांना डावलून वरच्या कार्यालयातून परवानगी आणायचा प्रयत्न करू नका. तो फसतो, आणि पुढं संस्थेचे लोकही तुम्हाला उभं करून घेत नाहीत.

तोंडी 'या की, बसा' याला काही अर्थ नसतो. राखणदार बदलला की नवा माणूस काठी काढून घेतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही. संमतीपत्र लेटरहेडवर हवं, जावक क्रमांक, तारीख, सचिवाची सही आणि वाचता येईल असा शिक्का हवा. मजकुरात तलावाचं नाव, गाव, तालुका, तुमचं पूर्ण नाव, 'फक्त काठी आणि गळ, जाळं नाही, विक्रीसाठी नाही' आणि मुदत हे सगळं यायला हवं. एका शेजाऱ्यांचा अर्ज मी पाहिलाय: 'तलावात मासेमारीस परवानगी मिळावी' एवढंच वाक्य, तलावाचं नावच नाही. महिन्यानं परत आला, समासात निळ्या शाईनं शेरा: 'या कार्यालयाशी संबंधित नाही'. मग कुठल्या कार्यालयाशी संबंधित, हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती? माणसानं अर्धा दिवस रजा टाकलेली असते.

संस्थेचं सभासदत्व ही वेगळी गोष्ट आहे. ते क्रियाशील मच्छीमारांसाठी असतं. सभासद झालो की प्रश्न मिटला, असा सल्ला देणारे भेटतात. हौशी माणसानं त्या वाटेला जाऊ नये, खोटा दाखला तर अजिबात जोडू नये. तुम्हाला संमतीपत्र आणि रक्कम भरली असेल तर तिची पावती, एवढंच हवं.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. ठेक्याचं वर्ष साधारणपणे 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. लोक एप्रिलमध्ये पैसे भरतात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत निश्चिंत राहतात, प्रत्यक्षात मुदत तीन महिन्यांतच संपलेली असते. ठेकाच संपत आला असेल तर संस्थेलाही पुढची परवानगी देता येत नाही, म्हणून ठेका किती वर्षांचा आणि शेवटची तारीख कोणती, हे पैसे देण्याआधी विचारा. दुसरा गोंधळ बातम्यांमुळे होतो. 1 जून ते 31 जुलै ही बंदी समुद्रातल्या यांत्रिक बोटींसाठी असते, आपल्या तलावांचा तिच्याशी संबंध नाही. पण म्हणून पावसाळ्यात तलाव मोकळा, असंही समजू नका. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला चढतात, आणि ठेक्याच्या अटींत त्या दिवसांची बंदी असेल तर ती तुम्हालाही लागू आहे.

ठेका कुणाकडे हे कुणीच सांगत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवा. महाराष्ट्रात तसा नियम आहे, आणि लांबलचक तक्रार लिहिल्यामुळे अर्ज परत आलेले मी पाहिलेत. 'अमुक तलावाच्या चालू मासेमारी ठेक्याच्या करारनाम्याची प्रत मिळावी' एवढं पुरतं. उत्तराला 30 दिवस असतात. कुठलाही अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

परवानगी गळाचीच आहे. जिलेटिनचा स्फोट करणं किंवा विषारी पावडर पाण्यात टाकणं हा 1897 च्या मत्स्य कायद्यानं गुन्हा आहे, सोबतचा कुणी तसं करत असेल तर तिथून उठा.

नूतनीकरणासाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा. जुलैत संस्थेची माणसं बीज सोडायच्या गडबडीत असतात, सचिव जागेवर सापडत नाहीत. मूळ पत्र घरी ठेवा, झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सामानाबरोबर न्या.