बेळगावात क्राइम जास्त की हुबळीत? आधी भागाकार बघा

बेळगावात क्राइम वाढलाय, हुबळी त्याहून बेकार, म्हैसूर बघा कसं शांत, असं आपल्याकडं कट्ट्यावर आणि व्हॉट्सअॅपवर कायम चालतं, लोक आकडे पण टाकतात. पण दोन शहरांचे आकडे शेजारी ठेवायचं एक गणित आहे, ते चुकलं की एखाद्या शहराचं नाव फुकट खराब होतं.

नुसत्या केसेस मोजून काही कळत नाही. २०११ च्या जनगणनेत बंगळूर ८४ लाखांवर, हुबळी-धारवाड साडेनऊ लाखांच्या आसपास आणि बेळगाव महापालिका ४ लाख ८८ हजार, म्हणून दर लाख लोकांमागं किती गुन्हे असा रेट काढतात. एनसीआरबी म्हणजे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो पण तसंच करतं, पण त्यांच्या मोठ्या शहरांच्या टेबलात २० लाखांवरचीच शहरं असतात, आपल्या कर्नाटकातून एकटं बंगळूर. बाकी शहरांचा रेट लोक आपापल्या परीनं काढतात, आणि खरी गडबड तिथंच होते.

बेळगाव पोलीस कमिशनरेटच्या हद्दीत खडेबाजार, टिळकवाडी, शहापूर तर आहेच, पण काकती, मारिहाळ ही स्टेशनं पण आहेत, म्हणजे आजूबाजूची खेडी आली, जी महापालिकेत नाहीत. समजा वर्षात २५० गाड्या चोरीला गेल्या. त्याला ४.८८ लाखांनी भागलं तर रेट ५१ येतो, आणि हद्दीतली खेडी धरून लोकसंख्या समजा ७ लाख घेतली तर ३६ च्या आत. चोर तेच, गाड्या त्याच, फक्त खालचा आकडा बदलला! उलट निपाणी, चिकोडी, खानापूरचे गुन्हे जिल्ह्याच्या एसपींकडं जातात, ते कुणी बेळगाव शहराच्या नावावर टाकले तर अजूनच घोळ. त्यात चंदगड, खानापूरहून बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला रोज येणारी माणसं जनगणनेत बेळगावकर नसतात, पण गणपत गल्लीत त्यांचं पाकीट मारलं तर गुन्हा बेळगावात मोजला जातो.

दुसरं म्हणजे आकड्यात येतो तो नोंदलेला गुन्हा, घडलेला नाही. येळ्ळूरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे बसमध्ये पाचशे रुपये गेले तर तो स्टेशनला जाईल का? एफआयआर कानडीत लिहिणार, त्याला वाचता येणार नाही, दिवस जाणार. तो गप घरी जातो आणि कागदावर शहर तेवढं सुरक्षित दिसतं, हे मला फार खटकतं. खरं तर लिहिलेली तक्रार वाचून दाखवून मगच सही घ्यायची आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची, असा कायदाच आहे, तो हक्क लोकांनी मागायला पाहिजे. याउलट मटक्याच्या केसेस बघा, पोलिसांनी धाड टाकली की केस, नाही टाकली तर शून्य. म्हणजे मटक्याचा आकडा वाढला तर कदाचित नवीन अधिकारी कडक आलाय एवढाच अर्थ.

मग तुलना कशाची करायची? खुनाची, कारण खून सहसा लपत नाही, आणि गाडीचोरीची, कारण एफआयआरशिवाय इन्शुरन्सवाले क्लेम देत नाहीत. एका राज्यातल्या शहरांची तुलना त्यामानानं बरी, कायदा तोच, पोलीस खातं तेच. बेळगाव आणि कोल्हापूर शेजारी असले तरी दारू, जुगाराचे कायदे वेगळे, तिथं एकूण केसेसची तुलना लंगडी पडते.

पण खुनाच्या आकड्याला पण एक अडचण आहे, तो लहान असतो. वर्षाला सरासरी ९ खून होत असतील तर नुसत्या योगायोगानं एखाद्या वर्षी ५, एखाद्या वर्षी १४ होऊ शकतात, कारण असल्या आकड्यांची चढउतार साधारण वर्गमूळाएवढी असते, इथं ३, आणि त्याच्या दुप्पट इकडंतिकडं झालं तरी फार नवल नाही. पेपरवाला मात्र "खुनांत ५५ टक्के वाढ" म्हणून हेडलाइन देतो. बंगळूरसारख्या शहरात आकडा मोठा असल्यामुळं टक्केवारी एवढी नाचत नाही. त्यामुळं बेळगाव, मंगळूर असल्या शहरांसाठी पाच वर्षांची बेरीज करून मगच रेट काढावा, आणि खालची लोकसंख्या कमिशनरेटच्या हद्दीचीच घ्यावी. २०११ चे गाववार आकडे आहेत, हद्दीतली गावं एकेक करून जोडता येतात, वेळखाऊ काम आहे पण होतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं २०२७ ची होईपर्यंत आपल्याकडं मोजलेला आकडा तोच, आणि मधल्या काळात वडगाव, अनगोळकडं किती घरं वाढली ते आपण बघतोच आहे.