नेतृत्वशैली आणि व्यावसायिक तंटानिवारण

धंद्यातल्या दोन पक्षांत हिशेब, दर्जा, मुदत किंवा मानापमान यांवरून वाद झाला, तर तो मिटतो की चिघळतो हे बरेचसे प्रमुखाच्या वागण्याच्या रीतीवर ठरते. या रीतीलाच व्यवस्थापनशास्त्रात नेतृत्वशैली म्हणतात. मासळी आणि आंबा हे कोकण किनाऱ्याचे दोन मोठे धंदे उचल, उधारी आणि दिलेल्या शब्दावर चालत आले आहेत. त्यामुळे हा संबंध इथे उघड्या डोळ्यांना दिसतो.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळीक देणारी अशा तीन शैली मांडल्या. त्यांचे प्रयोग दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर झाले होते, हे व्यवस्थापनाच्या वर्गात सहसा कोणी सांगत नाही. हुकूमशाही गटात प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे, लोकशाही गटात ते चालू राही. वाद मिटवण्याच्या रीतींची ओळखीची वर्गवारी केनेथ थॉमस व राल्फ किलमन यांची (१९७४): आपलेच पुढे रेटणे, पड खाणे, टाळणे, तडजोड आणि मिळून तोड काढणे. त्याआधी १९२५ मध्ये व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मेरी पार्कर फॉलेट यांनी तडजोडीबद्दल शंका घेतली होती. तडजोडीत दोघेही काहीतरी सोडतात. दोघांची खरी गरज भागेल अशी तिसरी वाट शोधावी, असे त्यांचे म्हणणे.

यांत्रिकी होडीवर समुद्रात तांडेलाचा, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाचा, शब्द शेवटचा असतो. वारा फिरला की जाळे ओढायचे की तोडायचे यावर चर्चा होत नाही, आणि खलाशांनाही ती नको असते. होडी धक्क्याला लागली की मामला बदलतो. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. हंगामाआधी दिलेली उचल खलाशाच्या नावे मांडलेली असते. इथे नाखवाही (होडीचा मालक) तांडेलासारखाच हुकमी बोलला, खर्चाची वही दाखवली नाही, तर खलाशी भांडत नाही; पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या होडीवर जातो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असते. माणसे तुटतात ती बहुधा याच दोन महिन्यांत, गाजावाजा न होता. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला वाद नव्हताच असे वाटत राहते.

रापणीत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, चित्र वेगळे. जाळे किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात आणि मासळी सर्वांदेखत वाळूवर पडते. लपवायला जागाच नाही, म्हणून प्रमुखाला सल्लामसलतीने वागावेच लागते. त्याच्या स्वभावाचा यात फारसा वाटा नाही, हे शैलीचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

हापूसच्या व्यवहारात तंट्याचे जुने कारण म्हणजे साका. फळ बाहेरून निर्दोष दिसते, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. पेटी रत्नागिरी वा देवगडहून वाशीच्या घाऊक बाजारात गेलेली, पैसे दलालाच्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबात) कापलेले. दोष बागायतदाराचा, वाहतुकीचा की हवेचा? 'माझा माल चोख आहे' म्हणून अडून बसणारा बागायतदार एखादा वाद जिंकतो, पण दलालाच्या गाळ्यावर त्याची पेटी मागे पडते. प्रत्येक वेळी पड खाणाऱ्याची कपात हळूहळू रिवाज होऊन बसते. किती फळे कापून पाहायची आणि किती टक्के साका दोघांनी सोसायचा हे पहिल्या पेटीआधीच ठरवून घेणारे असतात, ते फॉलेट यांच्या तिसऱ्या वाटेच्या सर्वांत जवळ.

कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. एखादा छोटा काजू कारखानाही यात येऊ शकतो. तीन लाख रुपये वा त्याहून मोठ्या व्यापारी दाव्यात तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे. पण वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकावर अर्ज टाकायला छोटा मालक कचरतो.

दक्षिण कोकणात अनेक गावांत आपसातला वाद देवळात गाऱ्हाणे घालून, कौल लावूनही सोडवतात. निर्णय देवावर सोपवल्यामुळे कोणालाच नमते घेतल्यासारखे वाटत नाही. ही रीत थॉमस-किलमन यांच्या पाचांपैकी कुठल्या खणात बसवायची, हा प्रश्नच आहे.