वेबपानावरचे ॲनिमेशन अडखळते कुठे?

बाजूने सरकत येणारा मेनू एका ब्राउझरमध्ये सुरळीत चालतो आणि दुसऱ्यात धक्के खात पुढे जातो, तेव्हा पहिला संशय त्या दुसऱ्या ब्राउझरवर घेतला जातो. माझ्या मते हा संशय बहुधा चुकीच्या दिशेने नेतो. दोष बऱ्याचदा पानाच्या रचनेतच असतो; एका ब्राउझरमध्ये तो झाकला जातो आणि दुसऱ्यात उघडा पडतो.

सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यासाठी प्रत्येक फ्रेम, म्हणजे ॲनिमेशनमधले एकेक चित्र, सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर हीच मुदत ८.३ मिलिसेकंद एवढी उरते. तेवढ्या अवधीत ब्राउझरला पानातला जावास्क्रिप्ट भाषेतला कोड चालवायचा असतो, प्रत्येक घटकाची शैली, जागा आणि आकार ठरवायचा असतो, तो रंगवायचा असतो आणि शेवटी सगळे थर एकत्र जुळवायचे असतात. यांपैकी जागा आणि आकार ठरवण्याच्या टप्प्याला लेआउट म्हणतात. मुदत चुकली की आधीचीच फ्रेम पडद्यावर राहते आणि डोळ्यांना झटका जाणवतो.

पान पडद्यावर उभे करणारा ब्राउझरचा गाभा म्हणजे इंजिन. क्रोम आणि एज यांचे इंजिन ब्लिंक, फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधूनच वेगळे झाले, तरी कोणता घटक स्वतंत्र थरावर ठेवायचा आणि कोणते काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवायचे, याचे निर्णय प्रत्येक इंजिन आपापल्या पद्धतीने घेते. त्यामुळे मुदतीच्या अगदी काठावर असलेले पान एका ठिकाणी निभावते आणि दुसरीकडे कोलमडते.

म्हणून दुरुस्तीआधी मोजमाप करावे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील परफॉर्मन्स पॅनल, फायरफॉक्सचा प्रोफायलर आणि सफारीच्या वेब इन्स्पेक्टरमधील टाइमलाइन्स यांत उशिरा आलेली फ्रेम आणि त्या फ्रेमचा वेळ कोणत्या टप्प्याने खाल्ला, हे दोन्ही दिसते. वेळ लेआउटमध्ये जात असेल, तर ॲनिमेशन बहुधा घटकाची जागा किंवा आकार ठरवणाऱ्या लेफ्ट, टॉप, विड्थ किंवा हाइट या गुणधर्मांवर चालवलेले आढळते; यांतला एक आकडा बदलला तरी आसपासच्या घटकांची जागा पुन्हा मोजावी लागू शकते. तीच हालचाल ट्रान्सफॉर्म या, आसपासच्या घटकांना न हलवता घटक सरकवणाऱ्या गुणधर्माने केली, तर लेआउट आणि रंगवणे हे दोन्ही टप्पे सहसा टळतात. ओपॅसिटीचेही, म्हणजे पारदर्शकता ठरवणाऱ्या गुणधर्माचेही, तसेच आहे. जावास्क्रिप्टमध्ये एखाद्या घटकाची शैली बदलून लगेच त्याची रुंदी विचारली, तर ब्राउझरला लेआउट तिथल्या तिथे उरकावा लागतो. हे चक्र लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये, सापडले की वेगवान यंत्रही दमते. सगळी वाचने आधी आणि सगळे बदल नंतर, एवढ्या फेरमांडणीनेही मोठा फरक पडतो.

वेळेचे गणित हा सर्वांत फसवा भाग आहे. सेटइंटरव्हल या, ठरावीक अंतराने काम चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट फंक्शनचे ठोके पडद्याच्या ताज्या होण्याशी जुळलेले नसतात, म्हणून एखादी फ्रेम रिकामी जाते, तर एखाद्या फ्रेममध्ये दोन पावले पडतात. त्याऐवजी पुढची फ्रेम रंगवण्याआधी काम चालवणारे रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम हे फंक्शन वापरावे. मात्र प्रत्येक फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवण्याचा हिशेब ठेवला, तर तेच ॲनिमेशन १२० हर्ट्‌झवर दुप्पट वेगाने धावते आणि आयफोन लो पॉवर मोडमध्ये असताना सफारी फ्रेमची गती ३० पर्यंत उतरवते, तेव्हा ते रेंगाळते. ब्राउझरने दिलेल्या वेळेच्या नोंदीवरून किती काळ गेला ते काढून त्या प्रमाणात अंतर कापले, तर फ्रेम कमीजास्त झाल्या तरी वेग कायम राहतो.

विल-चेंज हा गुणधर्म मात्र जपून वापरावा. घटक बदलणार असल्याची पूर्वसूचना तो ब्राउझरला देतो आणि पहिल्या क्षणाचा धक्का टाळू शकतो. परंतु पानावरच्या प्रत्येक घटकाला तो लावला, तर थरांची संख्या वाढते, स्मृती भरते आणि कमी क्षमतेच्या फोनवर पान पूर्वीपेक्षा जास्त अडखळते. हालचाल सुरू होण्याच्या थोडे आधी तो लावावा आणि ती संपताच काढून घ्यावा.