मे तापला म्हणजे पाऊस भरपूर? एक खुलासा

'मे जितका तापेल तितका पाऊस अधिक' ही समजूत कोकणात फार जुनी आहे, आणि तिच्या पुष्टीसाठी खाऱ्या वाऱ्यांचे उदाहरण दिले जाते. दुपारी जमीन समुद्राआधी तापते, तिच्यावरची हलकी हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घेते, हे खरेच आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मोसमी वाऱ्यांचेही हेच कारण सांगितले होते. परंतु त्यावरून पावसाचे प्रमाण ठरवता येत नाही. जमीन मे महिन्यात सर्वाधिक तापते, तर कोकणात सर्वाधिक पाऊस ती बरीच निवल्यावर, जुलैत पडतो. शिवाय हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी लक्ष वेधल्याप्रमाणे अवर्षणाच्या वर्षी जमीन उलट अधिक तापलेली असते. भाताच्या पेरणीचा अंदाज उन्हावरून बांधणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

वाऱ्यांना मोठे बळ मिळते ते बाष्पातून. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना शोषली गेलेली उष्णता, म्हणजे दर किलोग्रॅममागे सुमारे २५ लाख ज्यूल, ढग बनताना वरच्या हवेत मोकळी होते, ती हवा आणखी वर चढते आणि खाली कमी दाब टिकून राहतो. त्या दाबाकडे विषुववृत्त ओलांडून निघालेला वारा पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून सह्याद्रीवर आदळतो. हाच वारा अरबी समुद्राचे पाणीही ढकलतो: सोमालियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे जोरदार प्रवाह वाहू लागतो आणि खोलातले थंड पाणी वर येते, हिवाळ्यात वारे फिरले की तो प्रवाहही उलटतो.