विकास आराखड्यात ओढा दिसत नसेल तर हरकत कशी घ्यायची: मुदत, कागदपत्रं, सुनावणी

महापालिका किंवा नगरपरिषद प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठे घरं, रस्ते, बागा असतील ते दाखवणारा मसुदा नकाशा, प्रसिद्ध करते, तेव्हा पुराच्या पाण्याची वाट पुढची वीस वर्षं कुठून राहणार, हेही त्याच नकाशावर ठरत असतं. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सोसायट्यांत आणि वस्त्यांत घुसलं, माणसं गेली. ओढ्याला जागा ठेवा, हे सांगण्याची कायदेशीर वेळ हरकतींची असते. तरीही पाणी साचण्याबद्दलचे बरेचसे अर्ज 'नोंद घेतली' या शेऱ्यावर संपतात.

हरकत कोण घेऊ शकतं? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 28 प्रमाणे कोणतीही व्यक्ती. सात-बारावर नाव असावं लागत नाही, घर मालकीचं असावं लागत नाही. भाडेकरूंना खिडकीवरून परत पाठवलेलं पाहिलं की संताप येतो. कोणी असं परत पाठवलं तर नकार लेखी मागा.

मुदत कलम 26 च्या नोटिशीत दिलेली असते आणि ती राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात. वर्तमानपत्रात जाहिरात दिसली त्या दिवसापासून मोजणारे हमखास चुकतात. मुदतवाढ कधीकधी मिळते, तिच्यावर विसंबू नका.

आता खरी अडचण, कागदाची. सात-बारावर ओढ्याची वाट दिसत नाही. ती दिसते जुन्या गावनकाशात. त्याची प्रमाणित प्रत तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ऑनलाइन नकाशाची छापील प्रत समजून घ्यायला ठीक, पण सुनावणीत प्रमाणित प्रतच पुढे ठेवा.

दुसरा कागद नदीकाठच्यांसाठी: जलसंपदा विभागाचा पूररेषा नकाशा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध आहे. बाग, वाहनतळ असे मोजके वापर सोडून नवं बांधकाम चालत नाही. निळ्या-लाल रेषांमध्ये लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर परवानगी मिळू शकते. म्हणून निळ्या रेषेच्या आत आराखड्यात निवासी रंग (घरांसाठीची जागा) दाखवला असेल, तर तुमची हरकत भक्कम आहे.

हा नकाशा मागायला गेलं की पालिका जलसंपदाकडे बोट दाखवते आणि जलसंपदा पालिकेकडे. ज्या नकाशावर लोकांचा जीव अवलंबून आहे तो दोन्ही कार्यालयांच्या दर्शनी भागात लावलेला असायला हवा. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस मिळतात, तेवढ्यात हरकतीची मुदत उलटून जाते. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हाच अर्ज टाकून ठेवा. उशीर झालाच असेल तर माहिती अर्जाची पोच हरकतीला जोडा आणि 'नकाशा मिळताच सादर करू' असं लिहा. नकाशासाठी हरकत थांबवू नका.

हरकतीचा मजकूर नेमका हवा. 'आमच्याकडे दरवर्षी पाणी भरतं, लक्ष द्यावे' यावर समिती काही करू शकत नाही. असं लिहा: 'गट नं. अमुकच्या पूर्व हद्दीवरून वाहणारा ओढा गावनकाशात आहे. प्रारूप आराखड्याच्या अमुक क्रमांकाच्या नकाशात त्या जागी 12 मीटर रस्ता दाखवला आहे. ओढ्याचं पात्र कायम ठेवून नकाशात दाखवावं व रस्त्याची आखणी बदलावी.' गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशा क्रमांक आणि नेमकी मागणी, तिन्ही हवेत. पुराचे फोटो जोडताना भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून, शेजारच्या विजेच्या खांबाचा नंबर दिसेल असा फोटो काढा. त्यावरून जागा आणि खोली दोन्ही कळतात. तुंबलेले चेंबर, न झालेली नालेसफाई या तक्रारी क्षेत्रीय कार्यालयात वेगळ्या द्या. एकाच अर्जात कालवल्या की मूळ हरकत बाजूला पडते.

अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. सामूहिक अर्जाच्या सुनावणीची नोटीस बहुधा पहिल्या नावाच्या पत्त्यावर जाते, म्हणून घरी सापडणाऱ्या माणसाचं नाव वर ठेवा. शक्य असेल तर प्रत्येक घराने स्वतंत्र अर्ज द्यावा.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ असतात. बोलायला फार थोडा वेळ मिळतो. गावनकाशा आणि आराखड्याचा तुकडा एकाच मापात छापून, ओढ्यावर रंग मारून शेजारी शेजारी ठेवा. बाकी कैफियत अर्जात आहेच. स्वतःला जमणार नसेल तर सहीचं अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवा.

समितीने हरकत मान्य केली म्हणून फाइल बंद करू नका. आराखडा पुढे शासनाकडे जातो, तिथे बदल होऊ शकतात. शासनाने सुचवलेले सारभूत (मोठ्या स्वरूपाचे) फेरबदल पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतात. ती नोटीस आली की त्यात आपला गट नंबर शोधा आणि जुनी पोच जोडून पुन्हा अर्ज द्या.